रोमन वसाहती आणि आमचं देपालपूरकडचं इनाम

रोमने इटली कशी जिंकली, याचं शाळेतलं उत्तर 'शिस्तबद्ध सैन्याच्या जोरावर' असं होतं आणि त्याला दोन मार्क मिळायचे. पण सॅम्नाइट लोकांबरोबरच्या युद्धांचा नुसता जमाखर्च मांडला, तरी दिसतं की हे शिस्तबद्ध सैन्य अधूनमधून चांगलंच बदडून निघालेलं आहे. तरी डोंगर शेवटी रोमचेच झाले. मी इंदूरला एका कन्सल्टंटकडे रस्त्यांची एस्टिमेट करते. गिट्टी किती, मुरूम किती, कुणाच्या शेतातून किती जमीन जाणार, हे माझं रोजचं काम. त्यामुळे असेल, पण ही युद्धं वाचताना माझं लक्ष लढायांवरून उडून सारखं त्यांच्या मोजणीकडे जातं.

सॅम्नाइट म्हणजे इटलीच्या मधल्या कण्यातले, अपेनाइन डोंगरातले लोक. पेंत्री, कॉडिनी, हिरपिनी, काराचेनी अशा त्यांच्या जमाती. भाषा ओस्कन. नाव घ्यावं असं मोठं शहर एकही नाही. विखुरलेल्या वाड्या, डोंगरमाथ्यावर दगडी तटाचे गड, आणि मेंढरं. उन्हाळ्यात कळप वर, थंडीत खाली आपुलियाच्या मैदानात. आमच्याकडे दिवाळीनंतर राजस्थानातले रायका लोक मेंढरं आणि उंट घेऊन माळव्यात उतरतात, साइटवर जाताना एबी (आग्रा-मुंबई) रोडवर गाडी अर्धा-अर्धा तास थांबते आणि ड्रायव्हर शिव्या घालतो, तसलं ते सगळं प्रकरण असणार. अशा लोकांची वाट अडवली की ते भांडतात. त्यांचं सगळं जगणंच वाटेवर असतं.

रोमशी त्यांची तीन युद्धं झाली. इ.स.पू. ३४३ ते ३४१, मग ३२६ ते ३०४, मग २९८ ते २९०. पहिलं किरकोळच. खरं दुखणं सुरू झालं ते लिरिस नदीवर. इ.स.पू. ३२८ मध्ये रोमने नदीच्या पलीकडच्या, सॅम्नाइटांच्या बाजूच्या काठावर फ्रेगेली नावाची वसाहत बसवली. वसाहत म्हणजे छावणी नव्हे. कुटुंबकबिल्यासकट आणलेले शेतकरी, प्रत्येकाला मोजून दिलेला तुकडा, भोवती तट, आणि वेळ आली की हेच शेतकरी शिपाई. जागा बघा कुठली निवडली आहे: नदीचं खोरं आणि दक्षिणेतल्या कापुआ शहराकडे जाणारी वाट, दोन्ही तिथून हाताखाली. मला कुणी त्या खोऱ्याचा नकाशा देऊन नाका कुठे टाकायचा विचारलं असतं, तर मीही तिथेच बोट ठेवलं असतं. सॅम्नाइटांनी हरकत घेतली, रोमने कानावर घेतली नाही, आणि दोन वर्षांत युद्ध पेटलं.

आता कॉडियमची खिंड. सगळी हकिकत आपल्याला लिव्हीकडून कळते. तो रोमच्या बाजूचा आणि घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिणारा, तेव्हा जरा पारखूनच घ्यावं. पण माणूस लिहितो झकास.

साल इ.स.पू. ३२१. दोन्ही कॉन्सल (रोमचे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी), पोस्टुमियस आणि वेतुरियस, आपापली फौज घेऊन कलातियाजवळ तळ देऊन बसलेत. सॅम्नाइटांचा सेनापती गायस पॉन्टियस आपली दहा माणसं मेंढपाळ करून, कळप देऊन, वेगवेगळ्या दिशांनी रोमन तळाच्या आसपास सोडतो. त्यांना पकडून विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: सॅम्नाइट फौज तिकडे आपुलियात लुकेरियाला वेढा घालून बसली आहे, शहर पडायलाच आलंय. लुकेरिया रोमचं मित्र, म्हणजे धावणं भाग. रस्ते दोन. एक समुद्राच्या कडेने, मोकळा, सुरक्षित, पण लांबचा. दुसरा कॉडियमच्या खिंडीतून, जवळचा. कॉन्सलनी जवळचा घेतला. ('जवळचा' रस्ता घेऊन पस्तावलेले ठेकेदार मी इतके पाहिलेत की मला या जागी दरवेळी हसू येतं.)

अरुंद घळ, मग मधे गवताळ, पाणथळ मैदान, मग पुन्हा घळ, त्याहून अरुंद. फौज मैदान ओलांडून दुसऱ्या तोंडाशी पोचली तर वाट तोडलेली झाडं आणि शिळा लोटून बंद. उलट फिरले तर मागचीही बंद. वर कड्यांवर माणसं. लढाई झालीच नाही. सैन्याने सवयीने, कशाला ते न कळता, खंदक खणून तळ बांधला, आणि स्वतःच्याच त्या निरर्थक मेहनतीकडे बघत बसलं.

इकडे पॉन्टियसची पंचाईत. एवढं मोठं घबाड हाती लागलंय, त्याचं करायचं काय? त्याने आपल्या म्हाताऱ्या बापाला, हेरेनियसला, निरोप पाठवून विचारलं. उत्तर आलं: सगळ्यांना सन्मानाने सोडून द्या. हे काही पटलं नाही म्हणून पुन्हा विचारलं. उत्तर आलं: एकालाही जिवंत सोडू नका. पोरांना वाटलं म्हातारा चळला. शेवटी त्याला बैलगाडीत घालून तळावर आणलं. तेव्हा त्याने उलगडून सांगितलं की सोडलंत तर एका बलाढ्य लोकांशी कायमची मैत्री होईल, मारलंत तर कित्येक पिढ्या ते डोकं वर काढणार नाहीत, आणि तिसरा मार्ग नाही. अपमान करून जिवंत सोडणं म्हणजे साप अर्धवट ठेचून सोडणं.

पॉन्टियसने तिसराच मार्ग घेतला. दोन भाले रोवायचे, वर एक आडवा बांधायचा, आणि त्या जोखडाखालून वाकून जायचं. आधी कॉन्सल, अंगावरची राजवस्त्रं उतरवून, मग अधिकारी हुद्द्याप्रमाणे, मग एकेक पलटण. दोन्ही बाजूंना हत्यारबंद सॅम्नाइट उभे, टोमणे मारत, आणि कुणाच्या नजरेत जरा राग दिसला तर तलवार चालवत. ६०० घोडेस्वार ओलीस ठेवून घेतले. आणि मुख्य अट, जी या नाट्यात हरवून जाते: आमच्या मुलखातून निघून जा आणि तुमच्या वसाहती उठवा. जोखडाचं चित्र दोन हजार वर्षं लोक काढतायत, पण पॉन्टियसला नेमकं काय हवं होतं ते या अटीत आहे. त्याला रोम नको होतं, फ्रेगेली उठायला हवी होती.

लिव्ही सांगतो की रोममध्ये हा करार फेटाळला गेला, आणि फेटाळायला उभा राहिला खुद्द पोस्टुमियस. म्हणाला, लोकांच्या आज्ञेशिवाय आम्ही शब्द दिला, तो आमचा, लोकांवर बंधनकारक नाही. आम्हालाच बांधून शत्रूच्या हवाली करा म्हणजे देणं फिटलं. तसं नेलं त्याला. बांधणाऱ्या माणसाने आदर म्हणून दोरी सैल बांधली तर पोस्टुमियस म्हणाला, आवळ, रीतसर झालं पाहिजे. मग हवाली करण्याचा मंत्र म्हणून झाल्यावर त्याने त्या रोमन पुरोहित-दूताच्या मांडीवर गुडघ्याने सणसणीत लाथ हाणली आणि जाहीर केलं की मी आता सॅम्नाइट, हा रोमचा दूत, मी दूताचा अपमान केला, तेव्हा रोमला युद्धाचं न्याय्य कारण मिळालं! पॉन्टियसने कपाळाला हात लावला असेल. त्याने माणसं घेतलीच नाहीत. म्हणाला, करार मोडायचाय तर तुमची अख्खी फौज परत त्या खिंडीत आणून उभी करा, मग बोलू.

यातलं खरं किती? लाथेचा प्रसंग मला शंभर टक्के रचलेला वाटतो. बऱ्याच इतिहासकारांचं म्हणणं असं की रोमने तह मुकाट्याने पाळला, काही वर्षं शांतता राहिली आणि युद्ध पुन्हा पेटलं ते इ.स.पू. ३१६ च्या सुमारास. लगेच सूड घेतल्याच्या कथा मागाहून शिवलेल्या. नामुष्कीवर ठिगळ.

पण इंदूरच्या मराठी माणसाला ही गोष्ट वाचताना वडगाव आठवल्याशिवाय राहणार नाही. जानेवारी १७७९. मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली, पुढे जाववेना, रातोरात मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांच्या कचाट्यात सापडली. तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत, राघोबादादा हवाली, ओलीस म्हणून दोन इंग्रज अधिकारी. फौज जिवंत परत गेली. आणि मग मुंबई-कलकत्त्याहून उत्तर आलं की सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, सबब तह रद्द. पुढच्याच वर्षी, १७८० मध्ये, इंग्रज सेनापती गॉडर्डने अहमदाबाद घेतलं आणि वसईही. हेरेनियसला बैलगाडीतून वडगावला आणलं असतं तरी तो तेच बोलला असता.

म्हणून मी म्हणते की खिंडीत कोण जिंकलं याला फारसा अर्थ नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत कागदावर आणि जमिनीवर काय झालं ते बघा. रोमने तीन कामं धरली आणि सोडली नाहीत.

पहिलं, रस्ता. इ.स.पू. ३१२ मध्ये, म्हणजे ऐन युद्धात, ऍपियस क्लॉडियसने रोमपासून कापुआपर्यंत रस्ता काढला. सुमारे १९५ किलोमीटर. आतल्या खोऱ्यातली जुनी वाट सॅम्नाइट केव्हाही तोडू शकत, म्हणून हा समुद्राच्या अंगाने नेला, आणि त्यासाठी पॉन्टाइन दलदल ओलांडली. तेराचिनापर्यंत हा रस्ता जवळजवळ सरळ रेघ आहे. आमच्या काळ्या मातीत रस्ता टिकवताना काय यातना होतात ते मला माहीत आहे. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर पापडासारखं उचलतं. दलदल म्हणजे याच्या वरचढ. फोटोत दिसते ती प्रसिद्ध काळ्या दगडांची फरसबंदी सुरुवातीला नव्हती, ती पुढे टप्प्याटप्प्याने आली. आधी भराव आणि खडी. पण पलटणीला चालायला तेवढं पुरतं, पावसाळ्यात सुद्धा. एस्टिमेटच्या भाषेत सांगायचं तर मुख्य खर्च भरावाचाच असतो, वरचा थर लोकांना दाखवायला.

दुसरं, वसाहती. कापुआजवळच्या कॅलीसला इ.स.पू. ३३४ मध्येच २,५०० जण बसवले होते. ३१४ मध्ये लुकेरियाला आणखी २,५००. म्हणजे सॅम्नाइटांच्या पाठीमागे, त्यांची मेंढरं थंडीत जिथे उतरत त्या आपुलियातच. ३०३ मध्ये सोराला ४,००० आणि आल्बा फुकेन्सला ६,०००. हे आल्बा एक्वी नावाच्या जमातीच्या मुलखात. एक्वींचं आदल्याच वर्षी, ३०४ मध्ये, काय झालं ते लिव्ही एका वाक्यात उरकतो: ५० दिवसांत ३१ गावं घेतली, बहुतेक पाडली आणि जाळली, जमातीचं नावनिशाण जवळपास पुसलं गेलं. कॉडियमला त्याने पानंच्या पानं दिली. तिथे मान खाली घालून गेलेले रोमन होते ना. ३१ गावांत राहणारे नुसते एक्वी.

तिसरं, करार. हे सगळ्यात हुशारीचं आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारं. लॅटिन शहरांचा संघ इ.स.पू. ३३८ मध्ये मोडला, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच शहरांना आपसात सोयरीक, व्यापार आणि सभा करायला मनाई झाली. पुढेही तोच कित्ता. प्रत्येकाचा करार वेगळा, प्रत्येकाचा फक्त रोमशी. कर मागायचा नाही, माणसं मागायची. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने इ.स.पू. २२५ ची सैन्यबळाची यादी दिली आहे, त्यात सॅम्नाइटांचे ७०,००० पायदळ आणि ७,००० घोडेस्वार नोंदलेत, रोमच्या बाजूने लढायला उपलब्ध म्हणून.

नाही म्हणायला सॅम्नाइटांना एकीचं महत्त्व उमगलं होतं. इ.स.पू. २९५ मध्ये सेंटिनमला त्यांनी एट्रुस्कन, उंब्रियन आणि गॉल यांची मोट बांधली. रोमने एट्रुस्कनांच्या घराकडे एक तुकडी धाडून जाळपोळ सुरू केली, एट्रुस्कन आणि उंब्रियन आपलं बघायला परतले, आणि उरलेल्यांचा पराभव झाला. १८१७ आठवा. ५ नोव्हेंबरला पेशवे खडकीला लढतात, त्याच दिवशी इकडे शिंद्यांचा इंग्रजांशी ग्वाल्हेरचा तह होतो, महिनाअखेर भोसले सीताबर्डीला, आणि २१ डिसेंबरला होळकर महिदपूरला. एकेकटे. होळकरांशी झालेला ६ जानेवारी १८१८ चा मंदसौरचा तह तर रोमन कारकुनानेच लिहून दिल्यासारखा आहे: सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडा, राजपुतांवरचे हक्क सोडा, इतर संस्थानांशी परस्पर बोलणं बंद, दरबारात आमचा रेसिडेंट. गादीवर लहान पोर. त्याच वर्षी महूची छावणी. आज मी ज्या रेसिडेन्सी भागातून ऑफिसला जाते, तिथल्या रुंद, सावलीच्या रस्त्यांचं मूळ या कागदात आहे.

हे सगळं मी गणपतीत जेवणानंतर काकांना सांगत होते. काका इंदुरी, म्हणजे मराठी बोलताना मधेच 'अरे भिया' आणि हिंदीत भांडताना मधेच मराठी. त्यांनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला, "म्हणजे आपण सॅम्नाइट."

"नाही काका. आपण कॅलीसचे."

"ते कोण?"

"ज्यांना नेऊन बसवलं ते."

काका गप्प झाले, मग म्हणाले, "तुझी आजी असती तर तुला पानावरून उठवलं असतं." पण त्यांनाही ठाऊक आहे. आमचा मूळपुरुष फलटणकडचा. मल्हाररावांच्या फौजेबरोबर माळव्यात आला, आणि घराण्याला देपालपूरकडे इनाम जमीन मिळाली. सनद मोडीत आहे. ती जमीन आधी कुणाची होती, हे सनदेत नाही. आमच्या घरातल्या एकाही गोष्टीत नाही. आमच्या गोष्टी सुरू होतात त्या 'जमीन मिळाली' इथून. इंग्रजांनी मंदसौरला आमचा मान कसा घेतला हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. खाली निमाडच्या उतारावरच्या भिल्लांच्या लेखी आम्ही कोण होतो, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

जुन्या कागदांत मात्र ते सापडतं. महूहून मंडलेश्वरकडे उतरताना जाम दरवाजा लागतो, अहिल्याबाईंच्या काळातला, विंध्याच्या अगदी कड्यावर. सुट्टीच्या दिवशी तिथे आता कणीस आणि मॅगीच्या गाड्या असतात. त्या घाटवाटांवर भिल्लांचा हक्क होता, जाणाऱ्या मालावर ते आपली वसुली करत. माळव्यातला इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने नोंदवलंय की अहिल्याबाईंनी आधी कडक उपाय केले, मग हा हक्क मान्य केला, 'भिलकवडी' म्हणून, बैलाच्या ओझ्यामागे थोडंसं, आणि बदल्यात वाट सुरक्षित ठेवण्याची आणि चोरीचा माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ऍपियस क्लॉडियसला हे सुचलं नसतं. तरी दरवाजा कुणी बांधला आणि नोंद कुणी ठेवली ते बघाच. ज्याची वाट, त्याच्याकडून वाट मान्य करून घ्यायची नसते, आपण त्याला ती 'मान्य करतो'. इथे मला बाईंबद्दलचा आदर आणि ही टोचणी दोन्ही एकदम वाटतात, आणि मी त्यांतली एक निवडणार नाही.

काकांनी मग विचारलं, ते बसवलेले लोक पुढे कुठल्या बाजूला गेले? प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर फ्रेगेलीत आहे. जिच्यावरून युद्ध पेटलं तीच. दीडशे वर्षांत तिथे उलटंच घडलं. इ.स.पू. १७७ मध्ये सॅम्नाइट आणि पेलिग्नी लोकांनी रोमकडे तक्रार केली की आमची ४,००० कुटुंबं फ्रेगेलीला जाऊन राहिलीत, आणि तुम्ही शिपाई मात्र आमच्याकडून पूर्वीइतकेच मागता. म्हणजे ज्यांना रोखायला तट बांधला, ते तटाच्या आत येऊन बिऱ्हाडं थाटून बसले होते. लग्नं झाली असतील, भाषा कालवली गेली असेल, आमची इंदुरी झाली तशी. आणि इ.स.पू. १२५ मध्ये, रोमचं नागरिकत्व मिळत नाही म्हटल्यावर, फ्रेगेलीने रोमविरुद्धच बंड केलं. बसवलेल्यांचे नातू आणि उठवलेल्यांचे नातू, एका गावात.

रोमने लुसियस ओपिमियसला पाठवलं. आतूनच फितुरी झाली, गाव पडलं, आणि ते जमीनदोस्त केलं गेलं. पुढच्या वर्षी जवळच फाब्रातेरिया नोव्हा म्हणून नवी वसाहत बसवली. ओपिमियसने परत येऊन सिनेटकडे विजयाची मिरवणूक मागितली. सिनेटने नाकारली. कारण दिलं की मिरवणूक राज्यात भर घालणाऱ्याला मिळते, आणि याने तर आपलंच गाव परत घेतलंय.